ओवाळून टाकलेली नोट

‘घे म्हणते ना! हात पुढे कर!’

काकू ओरडत होत्या. असा आवाज, की ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरची कबुतरं उडून चंबळपार गेली असतील. कंपू भागातला खाजगी दवाखाना, दुसरा मजला. आत त्यांचे यजमान, काका, सलाईनवर. दारात मी, वॉर्डबॉय, हातात बेडपॅन. काकूंच्या चिमटीत पाचशेची नोट, नुकतीच काकांच्या डोक्यावरून सात वेळा ओवाळलेली.

अशी नोट घरात ठेवत नाहीत. भिकाऱ्याला देतात. आजार नोटेबरोबर जातो, घेणाऱ्याच्या घरी. हे आमच्या ग्वाल्हेरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्या दिवशी कुणी बडा माणूस येणार होता, म्हणून गार्डनं गेटवरचे सगळे मागणारे हाकलले होते. भिकारी मिळेना. म्हणून मी.

सकाळी याच काकू माझं मराठी ऐकून हरखल्या होत्या. ‘अगंबाई, आपलाच का तू?’ हिंदीच्या महापुरात मराठी शब्द कानावर पडला की इथल्या बायकांना माहेरचं कुत्रं भेटल्यासारखं होतं. दुपारी त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. काकूंनी पदर आवरून घेतला. माहेर गेलं, कुत्रं उरलं.

‘काकू, मुलगी तापानं पडलीय घरी,’ मी म्हटलं. ‘मला नको ही नोट.’

‘तुम्हा लोकांना नाही बाधत रे. सवय असते.’

आता मी मुळातच भित्रा. आमचे खापरपणजोबा फौजेबरोबर दख्खनेतून आले. घरात सांगतात, तोफ खांद्यावर टाकून चंबळ पोहून आले. मला विचाराल तर तोफेच्या आड लपून आले. तेच रक्त. मी मढी उचलतो, रक्त पुसतो, पण रस्त्यात लिंबू-मिरची दिसली की इंदरगंजचा वळसा घालून घरी जातो.

मागे मॅनेजर उभा होता. हळूच म्हणाला, ‘पार्टी बड़ी है. ले ले.’

नोकरी गेली तर मुलीचं औषध कुठून आणू? आणि नोट घेतली तर औषधाचा उपयोग काय? बेडपॅन खाली ठेवला. हात पुढे केला. काकूंनी वरूनच नोट सोडली, बोट लागू न देता. हात खांद्यापर्यंत गार पडला.

मग पळालो. डोक्यात एकच. आपल्यापेक्षा खालचं कुणीतरी शोधायचं. लवकर. मुलीपर्यंत पोचायच्या आत. दोनच मजले, पण त्या दिवशी तो जिना पाताळापर्यंत गेला.

गार्डच्या नजरेआड, औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्याला अम्मा बसली होती. एरवी गेटवर मागायला बसणारी. तिला मी कधी दमडी दिली नव्हती. दिलं की सवय लागते, असं म्हणायचो. हो, काकूंचाच शब्द. आज पाचशे घेऊन उभा, दानशूर कर्णासारखा.

अम्मानं नोट पाहिली. मग माझं तोंड पाहिलं. हात पदरातून काढलाच नाही.

‘भैया, सिर से उतारी है?’

माझ्या थापा अख्ख्या लश्कर भागात नावाजलेल्या. पण मान आधीच ‘हो’ म्हणून गेली.

‘ले जा,’ ती म्हणाली. ‘मेरा नाती है घर में.’

पाचशे रुपये. रस्त्यावर बसणारी बाई नको म्हणाली. आणि मी, पगारदार, गळ्यात आयकार्ड, तीच नोट घेऊन तिच्या नातवाच्या उशाशी ठेवायला निघालो होतो.

वर गेलो. भीती गेली वगैरे काही नाही. तसं कुणी सांगितलं तर तो थापा मारतोय समजा. नोट काकांच्या पलंगावर ठेवली.

‘काकू, खाली कुणी घेत नाही. मीही घेत नाही. आम्हालाही बाधतं.’

काकू अशा मागे सरल्या, जणू पलंगावर नाग सोडला. पांढऱ्याफटक. म्हणजे तीच भीती. माझी, अम्माची, त्यांचीही. फक्त त्यांना ती नेऊन टाकायला माणूस लागत होता. तो माणूस मी नाही. पोटाला चिमटा बसला तरी नाही. माझी मुलगी तर नाहीच नाही.

मॅनेजरनं आयकार्ड गळ्यातून काढून घेतलं.

बाहेर आलो. खिशात दहाची नोट होती. अम्मासमोर धरली.

‘ये किसके सिर की?’

‘किसी के नहीं. मेरी है.’

तिनं घेतली. माझ्या रिकाम्या गळ्याकडे पाहिलं.

‘नौकरी गई?’

‘गई.’

ती जरा सरकली. बाजूला जागा केली. ‘तो कल से कहाँ बैठेगा?’

मी म्हटलं, ‘बैठूँगा नहीं.’