कंडिशनरवाले शेजारी

शांपू आणि कंडिशनर एकाच तांब्यात ओतून ढवळले, ते मी. वेळ वाचेल असं वाटलं होतं.

रामवाडीतले आमचे शेजारी समोरच्या माणसाला चेहऱ्यानं नव्हे, केसांवरून ओळखत. रोह्याच्या ज्या केमिकल कंपनीत ते केमिस्ट होते, तिथं कंडिशनरचं मुख्य द्रव्य बनायचं. कंपनीच्या बसमध्ये पुढच्या सीटवरच्याची बट दोन बोटांत चोळून ते रोगनिदान करत, आणि तो चिडून मागे वळला की उपचारही सांगत. बायको न्हायला बसली की दाराबाहेर घड्याळ धरून उभे. कंडिशनर लावल्यावर तीन मिनिटांआधी पाणी ओतायचं नाही. माझ्या डोक्याकडे पाहून मात्र नुसता उसासा टाकत. आता ते मुलाकडे नाशिकला गेलेत, आणि रामवाडीत केसांची विचारपूस करणारं कोणी उरलं नाही.

त्यांची सासू धरमतरकडची. मिठागरात जन्म गेलेला. खाऱ्या वाऱ्यानं गुडघ्यापर्यंतच्या केसांचा काथ्या झाला होता. कंगवा शिरेना, तेव्हा तिनं सोमवारी केस कापायचं ठरवलं. शेजाऱ्यांनी रविवार मागून घेतला आणि शांपू-कंडिशनरच्या दोन बाटल्या, बायको आणि मदतीला मला घेऊन ते निघाले. सासू जावयाच्या कंपनीला ‘वासाचा कारखाना’ म्हणायची, त्यामुळं सगळी अब्रू त्या केसांना टांगलेली.

ते सासूला पटवत असताना मी मागच्या पडवीत दोन्ही एकत्र ढवळण्याचा तो उद्योग केला. तांब्या त्यांच्या बायकोनं न बघताच आईच्या डोक्यावर ओतला, आणि नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या केसभर चिकटल्या.

शेजारी ओरडले नाहीत. खाली बसले आणि मास्तरासारखे म्हणाले, “अहो, ओल्या केसावर ऋण विद्युतभार असतो. कंडिशनरवर धन, म्हणून तो केसाला धरून राहतो. पण शांपूवरही ऋणच. तुम्ही त्या दोघांची आपसातच गाठ मारलीत. आता केसाला कोण विचारतो?”

मग घरातल्या रिठ्यानं दोनदा धुणं झालं. बाटलीच्या तळाशी ओंजळभर कंडिशनर उरला होता, तो बायकोनं लावला. शेजारी घड्याळ धरून पाठमोरे उभे राहिले. पाणी ओतल्यावर कंगवा टाळूवरून निघाला तो थेट गुडघ्यापर्यंत.

सासूनं केस पुढं घेतले, दोनदा हात फिरवला.

“आता कापत नाय,” ती जावयाला म्हणाली. “पन ह्या तुमच्या शेजाऱ्याला परत आनू नका. हा मानूस पानीसुदा नासवंल.”