खुंटीवरची पाटी

मंडळी, मुर्ध्याची गंगाआजी बोलतेय. लिहितेय माझी नात, कारण मला अक्षर येत नाही. चुका निघाल्या तर तिच्या.

आज सकाळी उशाशी चष्मा चाचपडताना हाताला पाटी लागली. वर एक अक्षर काढलेलं, खाली जागा मोकळी. सात वर्षांच्या पणतीचं, चिऊचं काम. "अशीच ठेवलीय," म्हणाली आणि शाळेला गेली.

मला स्वातंत्र्याच्या आधीचं आमचं घर आठवलं. मिठागरात मीठ ओढायला लांब दांड्याची फळी असते. बापसाने माझ्यासाठी एका फळीचा दांडा कापून आखूड केला आणि ती फळी दाराशी टेकवून ठेवली. भावाची पाटी मात्र उंच खुंटीला. शाळेत जाऊ नको, असं मला कुणीच म्हटलं नाही. मीही कधी विचारलं नाही. हाताला आली ती फळी घेतली आणि जीव लावून शिकले. "पोरीचा हात लय चांगला हाय," बापूस म्हणायचा. अक्षरांची मला हौसच नाही, असं मी आजवर समजत होते.

दुपारी चिऊने पाटी बघितली. खाली वेडावाकडा 'ग' होता.

"पणजी, हा कुणी काढला?"

"मांजराने."

"मांजराला सांग, छान आलाय. उद्या पुढचा."

पाटी तिने परत उशाशीच ठेवली.

तुमच्या घरात पोरांच्या हाताशी काय आहे, आणि खुंटीवर काय? जरा बघून सांगा. नात वाचून दाखवेल. सध्या तरी.