आईच्या खाटेपाशी ड्यूटी

बल्लारपूरच्या आमच्या घरात 'नोकरी' हा शब्द फारसा कुणी वापरत नसे. नोकरी लागायची, पण एकदा लागली की तिची ड्यूटी व्हायची. बाबा कोळसा खाणीत पंप खलाशी होते, म्हणजे खाली साचणारं पाणी उपसणाऱ्या पंपापाशी बसायचं त्यांचं काम. ते ड्यूटीवर जात, ड्यूटीवरून येत आणि दिवसा झोपले की आई आम्हाला दटावायची, "हल्ला नका करू, रातची ड्यूटी करून आले ते." खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली तरी आईच्या लेखी ती ड्यूटीवरच असायची.

शाळेत या शब्दाचा अर्थ शिकवला तो 'कर्तव्य'. मला तेव्हाही पटला नाही आणि आता चिमूरला मी स्वतः इंग्रजी शिकवते तरी पटत नाही. कर्तव्य पंधरा ऑगस्टच्या भाषणात असतं. पोळी-भाजीचा डबा घेऊन कुणी कर्तव्यावर जात नाही. शिवाय कर्तव्यातून माणसाची सुटका नसते. ड्यूटी मात्र सुटते.

पण सुटायचीही रीत होती. भोंगा वाजला म्हणून बाबा पंपापासून उठत नसत. बदलीच्या माणसाने समोर येऊन "मी आलो, जा" म्हणायचं. मग त्याला पाणी कुठवर आहे, पंपाचा आवाज कसा आहे ते सांगायचं आणि मगच जागा सोडायची. पंप थांबला तर पाणी चढणार आणि पुढे माणसं कामाला असायची. बदलीवाला आलाच नाही तर बाबा पुढची पाळीही बसून काढत. आई चिडायची, बडबडायची आणि डब्यात दोन पोळ्या जास्तच्या घालायची.

बाबा रिटायर झाले. संध्याकाळी चौकातल्या पानठेल्यावर जुन्या सोबत्यांमध्ये बसायचं, एवढाच त्यांचा उद्योग उरला. मागच्या पावसाळ्यात आई अंगणातल्या शेवाळावरून घसरली आणि मांडीचं हाड मोडून बसली. चंद्रपूरला ऑपरेशन झालं. घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं की आता चालल्या नाहीत तर कायमची खाट धरतील. आईने मान हलवली आणि घरी आल्यावर वॉकरला हात म्हणून लावला नाही. आयुष्यभर कुणाला न भ्यालेली बाई चार पावलांना भीत होती.

बाबांनी दाराशी प्लास्टिकची खुर्ची टाकली. तिथून आई पूर्ण नजरेत राहायची. त्या दिवसापासून पानठेला बंद. आलापल्लीची मावशी मदतीला आली आणि आल्या आल्या म्हणाली, "भाऊजी, मी हाये ना आता. जा तुमी, पाय मोकळे करा." बाबा जागचे हलले नाहीत. तिने दोनदा सांगून पाहिलं, मग डोळ्याला पदर लावून माझ्याकडे तक्रार केली, "माह्यावर भरोसा नाई का त्यायचा? माही सख्खी बहीण हाये ती." मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. तिला मी रीत समजावली. खाटेपाशी उभी राहा, आली म्हण आणि काय काय झालं ते विचार. मावशीने तसं केल्यावर बाबा आंघोळीला गेले, आणि अंग पुरतं पुसायच्या आत परत खुर्चीत येऊन बसले.

मी शनिवारी येऊन पाहायची तर बाबा आणखी वाळलेले दिसायचे. आईवर मी ओरडले, गोड बोलले, लहान पोराला दाखवतात तशी लालूच दाखवली. ती भिंतीकडे तोंड फिरवून म्हणायची, "उद्या पाहू."

मग एका रविवारी सकाळी मी बाबांसाठी चहा ठेवला होता. त्यांनी तो घेतलाच नाही, त्यावर साय धरली. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांची मान छातीवर पडली होती. आई खाटेवरून त्यांच्याकडे बघत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे. मी पोळ्या लाटत होते तेवढ्यात वॉकरचा ठक असा आवाज आला. धावत गेले तर आई उभी. मी मागून कंबरेला धरलं, तिने "सोड" म्हटलं, मी सोडलं नाही. थरथरत, घामाने भिजत ती खुर्चीपर्यंत पोचली.

बाबा दचकून जागे झाले.

"मी आली," आई म्हणाली. "जा तुमी."

 बाबा सवयीने उठून उभे राहिले आणि सांगू लागले, "उजव्या पायावर वजन देऊन नाई राह्यली. भेते. झोप बरी हाये रातची. जेवन कमी. बाकी ठीक हाये."

"ठीक हाये," आई म्हणाली आणि त्यांच्या खुर्चीत बसली.

बाबांनी चपला घातल्या. मी फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेले. ते पानठेल्याच्या वाटेला लागले होते, मागे वळून न बघता. मी घरात परत आले तर आई रडत होती. तिला उचलून खाटेवर न्यावं म्हणून मी वाकले, तर तिने माझा हात बाजूला केला.

"ते आल्याबिगर उठत नाई मी," ती म्हणाली.