उजेडाची रापी

आमच्या वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी साठत जातात. एक चामड्याचे तुकडे आणि दुसरे किस्से. तुकडे निदान पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवता येतात. किस्से मात्र चहा आला की कोणीतरी बाहेर काढतंच.

वर्कशॉप म्हणजे धुळ्यात देवपूरमधल्या एका घराचा तळमजला. तिथे मी, सुपडूनाना आणि एक लेझर मशीन असे तिघं काम करतो. सुपडूनानांचं सगळं आयुष्य चपला शिवण्यात गेलं. चामडं कापायची पसरट पात्याची त्यांची रापी माझ्या वयापेक्षा जुनी आहे. मी मूळची सोनगीरची, डिझाइन शिकून पुण्यात नोकरी केली आणि परत आले. चामडं नानांना कळतं, कॉम्प्युटर मला. भांडण होतं ते या दोघांच्या मधल्या जागेत.

मशीन आलं त्या दिवशी नाना त्याच्याभोवती दोनदा फिरले. झाकण उघडून आत वाकून पाहिलं. मग त्यांच्या अहिराणीत विचारलं, "याले धार कोन लावस?"

मी म्हटलं, "नाना, याला पातं नाही. उजेडाने कापतं."

"उजेड कापस?"

"हो."

नानांनी स्वतःच्या सदऱ्याकडे पाहिलं. "मी जनमभर उनमा बठनू. मना सदरा त कधी कापायना नही."

त्या दिवसापासून मशीनचं नाव उजेडाची रापी.

*

लेझरने चामडं कापलं की केस जळल्यासारखा वास येतो. हे मला माहीत होतं, म्हणून धूर बाहेर काढायला पंखा आणि लांब पाइप बसवला होता. पाइपचं तोंड कुठे उघडतं ते मात्र मी पाहिलं नव्हतं.

आमच्या घरमालकीण शकुंतलाअक्का वरच्या मजल्यावर राहतात. चौथ्या दिवशी त्या ताटली घेऊन खाली आल्या. ताटलीत ज्वारीच्या तळलेल्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे पापड होते. आम्ही खुश झालो. अक्का समोर खुर्ची ओढून बसल्या.

"खा," त्या म्हणाल्या.

पहिल्याच घासाला कळलं. बिबड्या गच्चीवर वाळत होत्या आणि पाइपचं तोंड बरोबर त्यांच्याकडे होतं. मी नानांकडे पाहिलं, नाना माझ्याकडे. अक्का दोघांकडे पाहत होत्या. ताटली रिकामी होईपर्यंत त्या उठल्या नाहीत.

"कशा झाल्यात?" त्यांनी विचारलं.

नाना हात पुसत म्हणाले, "अक्का, टिकाऊ शेतस."

अक्कांना हसू आवरलं नाही. पाइप त्याच दुपारी दुसऱ्या बाजूला वळवला. पण वर बिबड्यांचा एक डबा अजून शिल्लक आहे आणि भाड्याचा विषय निघाला की त्या डब्याचाही निघतो.

*

लेझरमध्ये रेक्झिन घालायचं नाही, हा आमचा कडक नियम आहे. त्यातून विषारी धूर निघतो, शिवाय मशीनही गंजतं. त्यामुळे कोणी आपली वस्तू नाव कोरायला आणली की आधी नाना ती तपासतात.

नरडाण्याच्या एका कारखान्यातले साहेब डायरीचं कव्हर घेऊन आले. "सांभाळून हं. इटालियन लेदर आहे. मेव्हण्याने परदेशातून आणलंय."

नानांनी कव्हर हुंगलं, नखाने कडा उचलून पाहिली. साहेबांना विचारून आतल्या शिवणीपाशी तापलेल्या सुईचं टोक टेकवलं. वास आला तो प्लास्टिकचा. मला वाटलं, आता साहेबांना वाईट वाटणार. कसं सांगावं याचा मी विचार करत होते. नानांनी कव्हर दोन्ही हातांनी अदबीने परत दिलं.

"चामडंच शे, साहेब. पन म्हैस प्लास्टिकनी व्हती."

साहेबांनी कव्हर बॅगेत टाकलं. मग आमच्याकडचंच एक कव्हर निवडून त्यावर नाव कोरून घेतलं. जाताना दारातून परत आले आणि हळूच म्हणाले, "मेव्हण्याला हे त्यानेच आणलेलं कव्हर आहे म्हणून सांगणार आहे. तुम्ही कधी भेटलात तर काही बोलू नका."

*

माझीही एक फजिती सांगायलाच हवी, नाही तर नाना सांगतील.

सोनगीरला माझ्या शाळेतले मराठीचे सर निवृत्त होत होते. बाकीच्या शिक्षकांनी त्यांच्यासाठी आमच्याकडे चामड्याची फाइल करायला दिली. वर कोरायचं होतं, "आदर्श शिक्षक". मी मजकूर टाकला, मशीन चालू केलं आणि फोनवर बोलत राहिले. नानांनी फाइल शिवली, मी कागदात गुंडाळली, समारंभ झाला.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः धुळ्याला आले. फाइल टेबलावर ठेवली. सॉफ्टवेअरने फॉन्टमधली वेलांटी एक घर पुढे सरकवली होती. वर सोनेरी किनारीत लिहिलं होतं, "आदर्श शक्षिक". त्याभोवती सरांनी लाल पेनाने गोल केला होता.

मी कितीदा माफी मागितली ते आठवत नाही. नवी फाइल करून देते म्हटलं. सर नको म्हणाले.

"ही मी ठेवणार. तुझ्या सातवीच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिलं होतं, मुलगी हुशार आहे, पण घाई करते. माझं मत बरोबर होतं याचा पुरावा आहे हा."

*

जळगावच्या एका प्रदर्शनात आम्ही स्टॉल लावला होता. एकीकडे नानांनी हाताने कापलेले पट्टे, दुसरीकडे मशीनवरचे.

एक बाई आल्या. त्यांना फक्त हातकाम हवं होतं. "मशीनचं मला लगेच ओळखू येतं. त्यात जीव नसतो," त्या म्हणाल्या. दोन पट्टे हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि लेझरवाला उचलला. कडा जळून तपकिरी झाली होती, तिच्यावर बोट फिरवत म्हणाल्या, "बघा, इथे कारागिराचा हात दिसतो."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. नानांनी मला पाण्याची बाटली आणायला पाठवलं. परत आले तेव्हा बाई तो पट्टा घेऊन गेल्या होत्या.

"नाना, हे खोटं बोलणं झालं."

"खोटं कसं? बटन मीच दाबं व्हतं ना."

तेवढ्यावर मात्र नाना थांबले नाहीत. त्यांनी हाताने कापलेला पट्टा घेतला, गर्दीत त्या बाईंना शोधून काढलं आणि दोन्हींतला फरक समजावून सांगितला. बाईंनी ऐकून घेतलं. पट्टा मात्र लेझरवालाच ठेवला. धुळ्याला परत आल्यावर नानांनी सगळ्यात आधी रापीला धार लावली.

*

रेवाबाई शिरपूरच्या पलीकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातल्या. डिंक आणि चारोळी विकायला धुळ्याला येतात. लहानपणी झाडावरून पडून त्यांचा उजवा पाय मोडला होता. तो वाढलाच नाही आणि थोडा बाहेर वळलेला राहिला. डावा पाय चांगला मोठा.

त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "दोन मापांच्या पायांचा एकच जोडा कराल का?"

मला हे अगदी सोपं वाटलं. कॉम्प्युटरवर डाव्या तळाची फाइल घेतली, उलटी केली, लहान केली. दहा मिनिटांत दोन्ही तळ कापून तयार. रेवाबाईंनी पाय घातला. लांबी बरोबर होती, पण पाऊल तळावरून बाहेर घसरत होतं.

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही, तेवढं बरं झालं. त्यांनी वर्तमानपत्र अंथरलं, रेवाबाईंना त्यावर पूर्ण भार देऊन उभं केलं आणि पेन्सिलीने पावलाभोवती रेघ काढली. मग रापी घेतली. संध्याकाळपर्यंत जोडा तयार झाला. रेवाबाई रस्त्यावर कोपऱ्यापर्यंत जाऊन आल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. डोळे पुसले आणि बस धरायला निघून गेल्या.

महिन्याभराने त्या परत आल्या. बरोबर त्यांच्याच वयाची एक बाई होती. ती आमच्याकडे रागाने पाहत होती.

"ही माझी शेजारीण," रेवाबाई म्हणाल्या. त्या एका बाजूला सरकल्या.

शेजारीण एक पाऊल पुढे आली. तिचा उजवा पाय मोठा होता, डावा लहान. या दोघी लग्न होऊन गावात आल्यापासून एकत्र बाजाराला जात. दुकानातून एक मोठा आणि एक लहान असे दोन जोडे घेत आणि दुकानाबाहेर बसून अदलाबदल करत.

नाना कागद अंथरायला उठले. तिने हातानेच थांबवलं.

"हिचा जोडा तुम्ही जमवला, नाना," ती म्हणाली. "माझा मोडला."