ठेवणीतला टायर

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, समोरच्या माणसाच्या तोंडाकडे कधी बघत नाहीत. आधी त्याच्या मोटारसायकलच्या मागच्या टायरकडे बघतात, आणि मग त्या माणसाशी नीट बोलायचं की नाही ते ठरवतात. त्यांचं टायरचं दुकान आणि माझं सीटकव्हर शिवायचं दुकान यांच्या मधे एक पत्रा आहे. वीस वर्षं मी त्या पत्र्याआडून त्यांची बडबड ऐकतोय. मला विचाराल तर एवढा आगाऊ माणूस ह्या धंद्यात दुसरा सापडायचा नाही. गिऱ्हाइकाशी जरा गोड बोलावं, हे त्यांना कुणी शिकवलंच नाही, आणि आता शिकवायची कुणाची छाती नाही.

सगळा बाजार त्यांना ‘जन्मतारीख’ म्हणतो. कारण गाडी उभी राहिली की ते पहिल्यांदा टायरच्या बाजूवरचे चार आकडे शोधतात. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. एवढंच असतं, काही जादू नाही. पण दाजी ते आकडे असे वाचतात, की गिऱ्हाइकाला आपणच काहीतरी गुन्हा केलाय असं वाटायला लागतं. मग ते टायर दाबतात, वाकवतात, बाजूवर नख फिरवतात. नख कुठे अडकलं की संपलं. केसाएवढी भेग असली तरी ती त्यांना दिसते, बायकोने सांगितलेलं सामान मात्र पिशवीत कधी दिसत नाही.

एकदा एक जाडजूड गृहस्थ चकाचक काळा टायर घेऊन आले. म्हणाले, “अहो, जवळजवळ नवाच आहे. वर्षातून दोनदा गाडी काढतो. हे बघा, टायरवरचे केससुद्धा तसेच आहेत.”

नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, ते दाखवत होते. दाजींनी पेट्रोलचा बोळा घेतला आणि बाजू पुसली. वरचं काळं पॉलिश उतरलं आणि खाली सगळ्या भेगाच भेगा.

“केस काय बघताय,” दाजी म्हणाले. “आमच्या चुलत्यांचे केस सत्तराव्या वर्षी काळेभोर होते. गुडघे गेले होते त्यांचे. आणि बसून राहिलेला टायर तरुण राहत नाही. उलट बसून बसून तडकतो.”

गृहस्थांचा चेहरा पडला. दाजींना त्याचं काही नव्हतं. नापास टायर मालकाच्या डोळ्यांदेखत कापायचा, ही त्यांची पद्धत. कटर घेऊन कडेची तार तोडतात, म्हणजे पुन्हा कुणी तो टायर पुसूनपासून दुसऱ्याच्या गळ्यात मारायला नको. यापायी निम्मी गिऱ्हाइकं समोरच्या काचवाल्याकडे जातात. काचवाला म्हणजे रस्त्यापलीकडचा टायरवाला, दुकानाला पुढून अख्खी काच लावलेली, आत पंखा आणि गुबगुबीत खुर्च्या. दाजींनी एकदा भर रस्त्यात त्याच्या दुकानाला ‘म्हाताऱ्या टायरांचं ब्यूटी पार्लर’ म्हटलं, तेव्हापासून सहा वर्षं दोघांचं बोलणं बंद.

तर असा हा माणूस. आणि त्याला एकुलती एक पोरगी, माझी भाची. बापासारखीच हट्टी, फक्त तोंडाने कमी. लहानपणी शाळा सुटली की दुकानात टायरांच्या ढिगावर बसून राहायची. पाढे कच्चे, पण टायरचे चार आकडे लांबून वाचायची. तेविसाव्या वर्षी तिने नोकरी धरली ती रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. काम काय, तर डोंगरापलीकडच्या सात दवाखान्यांत जायचं, रक्ताच्या नळ्या थंड पेटीत घालून दुपारच्या आत आणून द्यायच्या. रोजचे नव्वद किलोमीटर, त्यात घाट. सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचं होतं. एका मैत्रिणीच्या भावाची जुनी मोटारसायकल तिने घेतलीसुद्धा.

दाजी ‘जाऊ नकोस’ म्हणाले नाहीत. ताईसमोर तसं म्हणायची त्यांची हिंमत नाही. त्यांनी टायर नापास केला. पुढचा बरा होता, त्याला नाइलाजाने सोडलं. मागचा खरोखरच गेलेला होता, तो कापला. ठीक. मग गोदामातून नवा मागवला. त्याला नख लावलं, वास घेतला, म्हणाले, “रबर हलकं आहे, परत पाठवा.” दुसरा आला. “हा आठ महिने गोदामात पडून होता.” परत. तिसऱ्याची बाजू म्हणे पातळ वाटते. पत्र्याआडून मला सगळं ऐकू येत होतं आणि माझं डोकं फिरत होतं. गिऱ्हाइकाला हेच टायर त्यांनी हसत हसत बसवले असते.

गुरुवारी ताई डबा घेऊन आली आणि दुकानाच्या दारातच उभी राहिली.

“पोरीला पाठवायचं नसेल तर तोंडाने सांगा,” ती म्हणाली. “टायरच्या आडून बोलू नका.”

दाजींनी डबा घेऊन टायरांच्या ढिगावर ठेवला. उघडलाही नाही. त्या दिवशी गिऱ्हाइकांनाही त्यांनी फार बोल लावले नाहीत, त्यावरूनच मी ओळखलं की घाव वर्मी लागलाय.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी शिडी लावली आणि माळ्यावर चढले. खाली आले ते एक जुन्या चादरीचं गाठोडं घेऊन. मला माहीत होतं त्यात काय आहे. पोरगी शाळेत असताना एकदा जेवताना म्हणाली होती, “मोठी झाल्यावर मी मोटारसायकल चालवणार.” झालं. गाडीचा पत्ता नाही, मोटारसायकलवर बसवली तर पोरीचे पाय जमिनीला टेकायचे नाहीत, आणि ह्यांनी त्या आठवड्यात सगळ्यात भारी मागचा टायर आणून ठेवला. जास्तीत जास्त गाड्यांना बसतो तो आकार निवडला, एवढाच काय तो शहाणपणा. तेव्हापासून तो टायर ठेवणीत. कुणालाही विकायचा नाही. महिन्यातून एकदा खाली काढायचा, पॉलिश चोळायचं, पुन्हा चादरीत गुंडाळून माळ्यावर. आणि माळ्यावर कुठे? तर हवा भरायच्या यंत्राच्या मोटरीला अगदी चिकटून. मोटरीजवळ रबर लवकर तडकतं, हे अख्ख्या बाजाराला ओरडून सांगणारा माणूस हाच.

“हा घे,” ते पोरीला म्हणाले. “ह्याच्यावर जा.”

ताईने पदर डोळ्यांना लावला. पोरगी नुसती बघत राहिली. ‘हो’ हा शब्द दाजींच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. तो टायर म्हणजेच त्यांचं हो होतं, आणि आम्हा सगळ्यांना ते कळलं.

त्यांनी स्वतःच्या हाताने टायर चढवला. गुणगुणत होते. नख फिरवलं नाही. आकडे बघितले नाहीत. आलेल्या प्रत्येक टायरची जन्मतारीख काढणारा माणूस, आणि ह्या एकाकडे साधं वाकून बघितलं नाही. हात धुवायला ते मागे गेले तेव्हा मी वाकलो. चौतिसावा आठवडा, आणि वर्ष आठ वर्षांपूर्वीचं. वर केस तसेच ताठ. मी बाजू अंगठ्याने दाबली, तर पॉलिशखाली काहीतरी बारीक उघडल्यासारखं झालं.

मी मान वर केली तर पोरगी माझ्याकडेच बघत होती. तिने ते आकडे माझ्याआधी वाचले होते.

“मामा, गप्प राहायचं,” ती हळूच म्हणाली.

“तू ह्याच्यावर घाट चढणार?”

“बाबा आत्ता कुठे हो म्हणालेत. हा टायर नको म्हटलं तर ते नोकरीच नको म्हणतील.”

“आणि वळणावर फुटला म्हणजे?”

बाबा हात धूत होते तिकडे तिने एकदा बघितलं. मग म्हणाली, “उद्यापर्यंत थांब.”

खरं तर मी तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. वयाने मोठा मी. पण दाजी हात पुसत बाहेर आले, इतके खूश दिसत होते की माझी जीभच उचलली नाही. घरी जाऊन मी जेवलो नाही, एवढंच. त्याचा कुणाला काय उपयोग?

रविवारी दाजींचं दुकान अर्धा दिवस उघडं असतं. दहाच्या सुमाराला पोरगी मोटारसायकल ढकलत आली. डोक्यावर हेल्मेट. आधीच दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्या मागे नंबर लावून उभी राहिली. मी सुई हातात तशीच धरून पत्र्यापुढे येऊन उभा राहिलो. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, “काका, मागचा टायर बघून द्या.”

दाजी हसले. “नाटकं करू नकोस. कालच बसवलाय.”

“कुणी बसवला ते विचारत नाही,” ती म्हणाली. “रोज घाटातून जायचंय मला. तुम्ही इथे येणाऱ्या सगळ्यांचा बघता ना? मग माझा बघा.”

दाजींचं हसू मावळलं. आधीची दोन्ही गिऱ्हाइकं आपापली कामं झाली तरी हलली नाहीत. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

दाजी स्टुलावर बसले. हवा सोडली. पेट्रोलचा बोळा घेतला आणि बाजू पुसली. एकदा पुसली, मग पुन्हा पुसली, जसं काही दुसऱ्यांदा पुसल्यावर वेगळं दिसणार होतं. अंगठ्याने दाबून बाजू आत वाकवली, तशी कडेच्या तारेपासून वरपर्यंत भेगांची जाळीच उघडली. नख लावलं. अडकलं. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि ते चार आकडे वाचले. मोठ्याने नाही. ओठ हलले फक्त.

मला दाजींचा राग आला होता हे खरं, पण त्या घटकेला तो कुठल्या कुठे गेला.

“परवाच तर आणला मी हा,” ते म्हणाले.

“बाबा, मी नववीत होते तेव्हा.”

ते तिच्याकडे बघायला लागले. हेल्मेटपासून बुटांपर्यंत. जणू ही बाई कोण, आणि तिच्यात आपली पोरगी कुठे बसते, याचा हिशोब लागत नव्हता. “नववीत,” ते म्हणाले. “हो. वेण्या होत्या तुला.”

मला वाटलं, झालं, आता हे म्हणणार की काही जायचं नाही कुठे. पोरीलाही तेच वाटलं असणार, तिने हँडल घट्ट धरलं होतं. दाजी उठले. चाक काढलं, टायर उपसायची लोखंडी टॉमी घालून तो उतरवला, भिंतीवरचा कटर घेतला. कडेची तार एका दाबात तुटली नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला. तुटली. मग कटर तिथेच टाकून ते दुकानातून बाहेर पडले, आणि रस्ता ओलांडून सरळ काचवाल्याच्या दुकानात शिरले.

मी दुकान वाऱ्यावर सोडून मागोमाग गेलो. हा सोहळा चुकवणं मला परवडलं नसतं.

काचवाला खुर्चीतून उठलाच. त्याला बहुधा वाटलं मारामारी आहे. दाजी म्हणाले, “मागचा टायर दाखवा. ताजा. माझ्या मुलीसाठी हवाय.” काचवाल्याने एका शब्दाने मागचं काढलं नाही, हे मी त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. त्याने चार टायर बाहेर फुटपाथवर मांडले. दाजींनी पहिला वाकवून बाजूला ठेवला, दुसऱ्याला नाक लावलं.

“अहो, वास काय घेताय,” काचवाला म्हणाला, “टायर आहे, खरबूज नाही.”

“हलक्या रबराला रॉकेलसारखा वास येतो,” दाजी म्हणाले. “तुमच्या ह्या दुसऱ्याला येतोय. कुणाच्या गळ्यात मारू नका.”

काचवाल्याने निमूटपणे तो आत नेऊन ठेवला. चौथा टायर अकरा आठवड्यांचा निघाला. दाजी त्याच्या मागेच लागले. दाबला, पिळला, आतून हात फिरवला, नक्षीच्या खाचाखाचांतून नख घातलं. अर्धा तास, मी शपथेवर सांगतो, अर्धा तास ते त्यात खोट शोधत होते. सापडली असती तर त्यांना केवढा आनंद झाला असता, ते मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. नव्हतीच ती. शेवटी त्यांनी टायर खांद्याला अडकवला आणि परत आले. पोरीने टॉमी पुढे केली. दोघांनी मिळून तो चढवला.

सोमवारी सात वाजता ती निघाली. ताईने तिला पाण्याची बाटली दिली. दाजींनी मीटर लावून हवा बघितली, दोन मिनिटांनी पुन्हा बघितली. ती म्हणाली, “बाबा, जाऊ ना?” ते म्हणाले, “वळणावर ब्रेक मारायचा नाही, आधी मारायचा.” तिने मान हलवली, गाडी सुरू केली आणि गेली.

दाजी मीटर हातात धरून रस्त्याकडे तोंड करून उभे होते. थोड्या वेळाने मला म्हणाले, “काय रे, घाटापर्यंत पोचली असेल?”

मी बघितलं. “दाजी, ती समोर सिग्नलला उभी आहे. दिसत नाही का तुम्हाला?”

“नाही दिसत,” ते म्हणाले, आणि डोळे पुसायला हाताला लागलं ते फडकं उचललं. ते ग्रीसचं होतं. मी त्यांना सांगितलं नाही. सिग्नल सुटेपर्यंत मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो आणि ती कुठे आहे ते सांगत राहिलो.