झोपलेलं आतडं

मद्रासमध्ये त्या काळी हिस्टामीन, म्हणजे शरीरात शिंका-दमा उठवणारं रसायन, मोजायचं सगळ्यांत भरवशाचं यंत्र आमच्या प्रयोगशाळेत होतं: गिनीपिगच्या आतड्याचा बोटभर तुकडा. तो कोमट खारट पाण्यात टांगायचा, वर एक तरफ, तिच्या टोकाशी काजळी धरलेल्या कागदाचा फिरता ड्रम. पाण्यात हिस्टामीन पडलं की आतडं आखडे आणि काजळीवर पांढरा डोंगर उठे. आमचं आतडं तर इतकं तल्लख, की शहराबाहेर पार एन्नोरला कुणी शिंकलं तरी निदान टेकडी काढायचं.

आमचे सर तंजावरकडचे, आमच्यातलेच मराठी, आणि स्वतः दमेकरी. त्यांची छाती वाजू लागली की बंदरात बोट लागली समजून जॉर्ज टाउनातले व्यापारी हमाल धाडत. मग सर रबरी फुगा दाबून औषधाचा फवारा ओढत आणि बंदर शांत होई. हे औषध फुफ्फुसातल्या मास्ट पेशींना त्यांच्यात साठलेलं हिस्टामीन ओकूच देत नाही, असं ते दुसऱ्या दिवशी शहरातल्या डॉक्टरांसमोर ठणकावून सांगणार होते.

पुरावा तयार होता. अंड्याचा पांढरा बलक टोचून बिथरवलेल्या गिनीपिगचं फुफ्फुस बारीक चिरून त्यावर पुन्हा तोच बलक घातला, की हिस्टामीन धो धो सुटे. आधी औषध घातलं, तर फुफ्फुसाचं ते पाणी आतड्याला पाजूनही रेघ मरीना किनाऱ्याच्या वाळूसारखी सपाट.

"बघ, थेंबभर सुटलं नाही," सर म्हणाले.

मी त्याच पाण्यात बाटलीतलं शुद्ध हिस्टामीन सोडलं. रेघ तशीच.

"हे काय केलंस रे?"

"सर, तुमच्या औषधानं आतडंच झोपलंय. आता अंगावर हत्ती सोडलात तरी कूस बदलणार नाही."

सरांनी फवारा ओढला. "मग उद्या काय तुझं तोंड दाखवू लोकांना?"

"दाखवा की. पण आधी सार करू."

कॉस्टिक सोड्यासारख्या क्षारात उकळलं की ते औषध मरतं, हिस्टामीन मरत नाही. फुफ्फुसाचं उरलेलं पाणी मी असं उकळलं, की खालच्या मेसचा स्वयंपाकी पातेलं घेऊन वर आला. मग आम्ल घालून चव जुळवली आणि ताज्या आतड्याला पाजलं. डोंगर उठला, औषधाविना उठायचा त्याच्या निम्मा. तसंच उकळलेलं शुद्ध हिस्टामीन मात्र पूर्ण उंचीला गेलं.

सरांनी दोन्ही डोंगरांवर पट्टी धरली. "म्हणजे थांबवत नाही. आवरतं."

"निम्मं आवरतं."

"माझ्या छातीचंही तेच म्हणणं आहे. तिला कधी विचारलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही कागद डॉक्टरांपुढे टांगले, सपाट रेघेचा आधी. शेवटी निम्म्या डोंगरावर टाळ्या पडल्या. त्या मात्र एन्नोरपर्यंत ऐकू गेल्या.