न फाटलेली बाही

नगरचा आमचा शिंपी कपडा देताना शिवण दोन्ही हातांनी ओढून दाखवायचा. "वढून बगा, न्हाई उसवायची!"

नगरला प्रयोगासाठी आलेल्या मुंबईच्या नाटक कंपनीने त्याच्याकडून राजाचा अंगरखा शिवून घेतला. फुकट पासावर जन्मात पहिल्यांदा तो नाटकाला आला, माझ्या शेजारी बसला. तिसऱ्या अंकात राजा रागाने बाही फाडतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. राजाने ओढ ओढ ओढली. बाही फाटेना. सगळे हसले, मीही. हा मात्र फुलून म्हणाला, "माजी शिलाई हाय!"

पडदा पडल्यावर मॅनेजरने त्याला सगळ्यांदेखत गाढव म्हटलं. तिथेच बसून त्याने बाही उसवली, कच्चे टाके घातले.

पुढे माझा सदरा त्याने नुसता घडी करून दिला. शिवण मीच ओढली. पक्की होती. त्याने बघितलंसुद्धा नाही.